ताजे वाचन

'वाचणे' आणि 'लिहिणे' या दोन क्रियापदांवर आपला काही विशेष हक्क आहे, असे भाषेच्या अध्यापकांना मनातून वाटत असते. प्रत्येक वाचनात संहिता नव्याने घडते, हे वाचककेंद्री समीक्षेचे म्हणणे आपण वर्गात सांगतो. परंतु छापलेले अक्षर वाचल्यामुळे पुसले जाणार नाही, हेही आपण गृहीत धरलेले असते. हे गृहीतक जिथे टिकत नाही अशा एका प्रदेशात गेल्या वर्षभर आमचे जाणे-येणे झाले. त्या प्रदेशाचा साहित्याशी वरवर काही संबंध नाही. तरीही भाषेच्या अभ्यासकांनी तिथे डोकावावे असे आम्हांस वाटते.

निमित्त अनुवादाचे होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्याची मुभा दिली. त्यानंतर एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोगपुस्तिकेचा मराठी खर्डा तयार झाला आणि त्याची भाषा तपासण्याचे काम आम्हा दोघांकडे आले. शब्द तपासायचा तर वस्तू पाहिली पाहिजे, या साध्या विचाराने आम्ही प्रयोगशाळेत जाऊन बसू लागलो.

टेबलावर तळहाताएवढा एक बोर्ड होता. 'डीई१०-नॅनो' हे त्याचे नाव. त्यावरील मुख्य चिपमध्ये दोन स्वभावांची माणसे एका घरात राहावीत तसे दोन भाग नांदतात. एक भाग प्रोसेसरचा. त्यात एआरएम जातीचे दोन गाभे असतात, त्यांवर लिनक्स चालते आणि सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम तिथे एकामागून एक आज्ञा पाळतो. दुसरा भाग एफपीजीएचा. एफपीजीए म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही जिची आतली जुळणी वापरणाऱ्याला ठरवता येते अशी चिप. झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये अशी पहिली व्यावसायिक चिप आणली, तेव्हा तिच्यात ६४ तर्कखंड होते. या लहानशा बोर्डावर त्यांच्या वंशातील सुमारे १ लाख १० हजार घटक आहेत. इथे आज्ञांची रांग नसते. जे जोडले ते सगळे एकाच वेळी चालू असते.

या दोन भागांनी एकमेकांशी बोलायचे कसे? त्यासाठी चिपमध्ये पूल बांधलेले आहेत. त्यांतील हलक्या कामांसाठीचा पूल प्रोसेसरच्या बाजूने एका ठरलेल्या पत्त्यावर सुरू होतो. षोडशमान पद्धतीत तो पत्ता 'एफएफ२०००००' असा लिहितात आणि तिथून पुढे २ मेगाबाइटचा टापू त्या पुलाचा असतो. एफपीजीएमध्ये दिवे, कळा वा मोजणीयंत्र जोडले, की या टापूत त्यांना आपापले घरक्रमांक मिळतात. प्रोसेसरच्या दृष्टीने ही नेहमीच्या मेमरीसारखीच जागा. तिथे ३ हा अंक लिहिला की द्विमान पद्धतीतील शेवटच्या दोन स्थानांवर १ येतो आणि आठांपैकी दोन दिवे लागतात. अंक लिहिला आणि उजेड पडला, हे पाहताना लिहिण्याचा व्यवसाय करणाऱ्या आम्हांला थोडा हेवा वाटला.

मात्र हा पत्ता ठाऊक आहे म्हणून कोणी थेट दारात जाऊन उभे राहू शकत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामला स्वतःच्या पत्त्यांचे एक आभासी जग दिलेले असते. खरे पत्ते त्याला दिसत नाहीत. म्हणून 'डेव्ह-मेम' नावाची विशेष फाइल उघडायची, 'एम-मॅप' ही विनंती करायची आणि खऱ्या टापूवर उघडणारी एक खिडकी आपल्या जगात मागून घ्यायची. ही खिडकी ४०९६ बाइटच्या पानांच्या मापातच मिळते आणि त्यासाठी सर्वाधिकारी वापरकर्ता असावे लागते. पलीकडे उत्तर देणारे कोणी नसेल, तर वाट पाहत सारा बोर्ड गोठू शकतो. शिकण्यापुरता हा मार्ग ठीक. पक्क्या कामासाठी रीतसर ड्रायव्हर लिहावा, असे तिथले अध्यापक मुलांना बजावतात.

या टापूतील एकेका जागेला 'रजिस्टर' म्हणतात. खर्ड्यात त्यासाठी 'पंजिका' हा शब्द योजला होता. आम्ही 'रजिस्टर' कायम ठेवला. हजेरीचे रजिस्टर, आवक-जावक रजिस्टर हे शब्द मराठी मुलाने शाळेच्या कार्यालयात ऐकलेले असतात, आणि आवक-जावक ही कल्पना इथे थेट उपयोगी पडते: कळांचे रजिस्टर आवकीचे, दिव्यांचे जावकीचे. पण उपमा जिथे थांबते ते ठिकाणही मुलांना दाखवावे लागते. कार्यालयातील नोंद कोणी वाचली म्हणून नाहीशी होत नाही. इथे संगणकाकडून येणारी अक्षरे स्वीकारणारे एक रजिस्टर असते. ते एकदा वाचले की रांगेतील एक अक्षर कमी होते, आणि पुन्हा वाचले की पुढचे अक्षर हाती येते. कळ दाबल्याची खूण जपणाऱ्या रजिस्टरची तऱ्हा आणखी निराळी. रचनेत तसा पर्याय निवडला असेल, तर तिथली खूण पुसण्यासाठी तिच्या जागी १ लिहावा लागतो! पुसणे हेही इथे लिहिणेच आहे.

खरा पेच याच्या पुढचा. एका विद्यार्थ्याने कळ दाबली जाईपर्यंत थांबणारा प्रोग्राम लिहिला होता. कळेचे रजिस्टर पाहा, बदल नसेल तर पुन्हा पाहा, एवढेच त्यात होते. साध्या रीतीने तयार केला तेव्हा तो चालला. वेग वाढवणारा पर्याय देऊन तयार केला तेव्हा कितीही वेळा कळ दाबली तरी हलेना. बराच वेळ डोके धरून बसलेला तो मुलगा एकदम म्हणाला, "मॅडम, तो एकदाच बघतोय. नंतर बघतच नाहीये."

निदान अचूक होते. सी भाषेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर हाही एक अनुवादकच, आणि काटकसरी अनुवादक. मजकुरात तीच जागा पुनःपुन्हा वाचलेली त्याला दिसते. मधे प्रोग्रामने तिथे काहीच लिहिलेले नाही. मग किंमत बदलेल कशी? तो एकदा वाचतो आणि पुढे आपल्या आठवणीवर विसंबतो. संस्कृत काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष मानले; कंपायलर त्याच शिस्तीचा. परंतु त्या बोर्डावर प्रोग्रामबाहेर एक जग आहे आणि त्या जगात कोणाचे तरी बोट कळेवर आहे, हे संहितेत कुठेच लिहिलेले नव्हते. ते सांगण्यासाठी सी भाषेत 'व्होलाटाइल' हा शब्द आहे. १९८९ च्या प्रमाणीकरणात त्याला स्थान मिळाले. जिथे तो लावाल, तिथले प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन लिहिले आहे तेवढ्या वेळा झालेच पाहिजे, असे बंधन त्याने अनुवादकावर येते.

खर्ड्यात याचा प्रतिशब्द 'बाष्पनशील' असा होता. रसायनशास्त्रात तो योग्यच आहे. इथे मात्र कोणतीही गोष्ट उडून जात नाही. 'अस्थिर' म्हणावे तर यंत्रात बिघाड असल्याचा भास होतो. प्रोग्राममध्ये मूळ शब्द तसाच लिहावा लागतो, त्याला इलाज नाही. म्हणून आम्ही तो देवनागरीत ठेवला आणि समजुतीसाठी पुढे दोन शब्द जोडले: 'ताजे वाचन'. आठवणीवर विसंबू नकोस, दर वेळी प्रत्यक्ष जाऊन पाहा, एवढाच त्याचा अर्थ. ही व्याख्या आमची नाही. त्या मुलाच्या वाक्यातून ती आली.

मराठीतून अभियांत्रिकी शिकवण्यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. एक पक्ष म्हणतो, ही मुले नोकरीच्या बाजारात मागे पडतील. दुसरा प्रतिशब्दांच्या याद्या पुढे करतो. त्या मुलाला मुलाखतीत हे सारे इंग्रजीत सांगावे लागेल, ही चिंता आम्हांलाही आहे आणि पुस्तिकेने ती मिटणार नाही. पण वर्गात इंग्रजी व्याख्या पाठ करताना अडखळणाऱ्या याच मुलाने दोष ओळखला तो आपल्या बोलीत. त्या क्षणी त्याच्याजवळ मराठी वाक्य नसते, तर इंग्रजीत सांगण्यासारखे तरी त्याच्याजवळ काय उरले असते? यादीतील शब्द तपासणारे आम्ही. तो मात्र वस्तूकडे पाहून बोलत होता. अनुवादकाने कोणाचे ऐकावे, हे त्यानंतर निराळे ठरवण्याची गरज पडली नाही. पुस्तिकेच्या उरलेल्या पानांसाठी आम्ही आता मुलांच्या शेजारी बसतो आणि ती काय म्हणतात ते टिपून घेतो.