कूळ फुलाला विचारावे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला मात्र दोन्ही विचारली जातात. शेजारी म्हणतात, 'तमे मूळ क्यांना?' गावाकडचे आप्त म्हणतात, 'तुम्ही आता गुजरातीच झालात!' चार पिढ्या इथेच नांदलेल्या घरातले मूल यावर काय उत्तर देणार? मी भाषेचा शिक्षक. वनस्पतिशास्त्र हा केवळ छंद. पण अशा वेळी मला फुलांचा आधार वाटतो.

आमच्या वर्गात एकदा वाद झाला. हृदयाकृती पानांच्या एका झाडाला एक मुलगा आजीच्या शब्दात 'भेंडी' म्हणाला, आणि वर्ग हसला. 'सर, ए तो पारस पीपळो!' मुलगा खाली मान घालून बसला. मी झाडाखालचे पिवळे फूल उचलले आणि सोबत एक जास्वंदीचे घेतले. जास्वंद एकेरीच घ्यावी. दुहेरीत बरेचसे पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात आणि रचना कळत नाही.

दोन्ही फुलांत पाच पाकळ्या, कळीत एकमेकींवर पिळ घेतलेल्या. मधोमध असंख्य पुंकेसर. पण सुटे नव्हेत, त्यांचे तंतू जुळून नळी झालेली, आणि तिच्यातून स्त्रीकेसराचा दांडा वर आलेला. ही नळी म्हणजे माल्व्हेसी कुळाची खूण. भाजीची भेंडी याच कुळातली, आणि आमच्या कानम प्रदेशाच्या काळ्या जमिनीतला कापूसही. पिंपळाचे कूळ वेगळे, वडा-उंबराचे. त्याची बारीक फुले फळासारख्या गाठीत लपलेली असतात. म्हणजे गुजराती नावाने पान पाहिले, आजीच्या नावाने फूल. नाती फुलावरून जुळवायची, तर आजीचे बरोबर होते.

पण म्हणून मराठीने फुशारकी मारू नये. वडोदऱ्याच्या परिसरात गोरखचिंचेचे जुने वृक्ष आहेत. आपण तिला चिंच म्हणतो, गुजरातीत गोरख आमली किंवा चोर आमली. आंबट गरावरून दोन्ही भाषा एकाच चुकीवर एकमत! तिचे लोंबते पांढरे फूल संध्याकाळी उमलते. त्यातही पाच पाकळ्या, आणि बुडाशी पुंकेसरांची तीच नळी. जुन्या पुस्तकांत तिला सावरीच्या वेगळ्या कुळात ठेवत. 1998 नंतरच्या जनुकाधारित वर्गीकरणाने ती आणि सावर, दोघींना जास्वंदीच्या घरात घेतले.

तिचे शास्त्रीय नाव अडान्सोनिया, लिनियसने दिलेले, मिशेल अडान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञावरून. गंमत अशी, की लिनियस मुख्यतः पुंकेसर नि स्त्रीकेसर मोजून वर्ग पाडी. तर 1763 च्या आपल्या ग्रंथात अडान्सनने आग्रह धरला, की कूळ ठरवताना एकच लक्षण न धरता अनेक लक्षणे एकत्र पाहावीत.

माणसांनाही हेच लावावे असे मला वाटते. नुसते आडनाव, नुसती बोली, नुसते गाव यावरून कुणाचे घर ठरवू नये. त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की आजीचा शब्द टाकू नकोस, आणि पारस पीपळोही विसरू नकोस. वहीत दोन्ही नावे लिही, आणि खाली फुलाचे चित्र काढ.