आधी त्यांच्या हातचं

स्वयंपाकाच्या वर्गाला आलेल्या बायका पहिल्याच दिवशी खापरावरचे मांडे शिकवा म्हणतात. पाहुण्यांसमोर मिरवायला तेच बरे. मी सुरुवात करते ती कळण्याच्या भाकरीपासून. चार वाट्या ज्वारी, एक वाटी अख्खे काळे उडीद आणि जाडं मीठ, सगळं एकत्रच गिरणीवर द्यायचं. दादर जातीची ज्वारी मिळाली तर उत्तम. ज्वारीच्या अंगात गव्हासारखा चिवटपणा नाही, म्हणून नुसत्या ज्वारीच्या पिठाला कढत पाणी लागतं. त्या पाण्याने पीठ फुलतं आणि गोळा धरतो. कळण्यात उडीद स्वतःच चिकट असतो, त्यामुळे शिकाऊ हाताची भाकरीही सहसा मोडत नाही. पण पाणी किती घालायचं ते मी वाटीने सांगू शकत नाही. दळण जाड आहे की बारीक, पीठ ताजं आहे की आठवडाभराचं, हवा कोरडी आहे की पावसाळी, यावर ते ठरतं. वही उघडून बसलेल्या बाईला इथे पेन खाली ठेवून परातीत हात घालावाच लागतो. म्हणूनच ही भाकरी पहिल्या दिवशी.

मापाला मी कमी लेखत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१०चं, आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०ची. ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली, तेव्हा सासर-माहेरापासून लांब, शहरातल्या दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलींचा जीव भांड्यात पडला असेल. शेजारी उभं राहून ‘आता पुरे’ म्हणणारं माणूस घरात नसलं की वाटी लागते. म्हणजे पाककृतीचं पुस्तक हे एका अर्थी तुटलेल्या घरासाठीच लिहिलेलं असतं. हे मला वर्ग घेताना उमगलं नव्हतं. ते उमगलं घरात मुलं आली तेव्हा.

आमच्याकडे संगोपनाला मुलं असतात. त्यांची नावं, गावं इथे येणार नाहीत. कायद्यानेही ती उघड करता येत नाहीत, आणि तो नियम मला पटतो. संगोपनाची ही सोय २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ४४व्या कलमात आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने, रक्ताचं नातं नसलेल्या कुटुंबातही मूल काही काळ राहू शकतं. हे दत्तक नव्हे. मुलाचे आईवडील असले तर ते भेटायला येऊ शकतात, आणि परिस्थिती सावरली की मूल परत जातं. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही अशी जबाबदारी घेता येईल असं केलं. तरी आपल्याकडे परक्या घरी मूल सोपवण्याचं प्रमाण थोडंच. राज्याची बालसंगोपन योजना मोठी आहे, पण तिचे पैसे बहुतेक एकल पालकाकडे किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांना मिळतात.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तर नातेवाइकांकडे मूल ठेवणं हे कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. दिवाळी सरली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. काही मुलं आईबापांबरोबर फडात जातात, काही आजीकडे, मामाकडे मागे राहतात. फडावर कुणी आजारी पडलं, गेलं, परतलंच नाही, की मुलं सांभाळण्याचा ताण नातेवाइकांना पेलेनासा होतो. मग समिती, मग गृहभेटी, मग एखादं मूल पिशवीत दोन कपडे घेऊन आमच्या ओसरीवर येतं.

कायद्याच्या त्याच ४४व्या कलमात लिहिलंय की मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही संगोपन करणाऱ्या कुटुंबाची जबाबदारी. शिक्षणाचं कळतं, आरोग्याचंही कळतं. पोषणाचं कळतं असं वाटतं, तिथेच गफलत होते. ओळखीपाळखीची माणसं सांगत असतात, पोटभर खाऊ घाला, गोडधोड करा, लळा लागेल. मूल जेवतंही. भुकेलं असतं, का जेवणार नाही? पण ताटावर बसलेलं मूल मान खाली घालून, वाढलेलं सगळं संपवतं, काही मागत नाही, काही नको म्हणत नाही. ते पाहुण्यासारखं जेवतं. पाहुण्याचं पोट भरतं, पण तो घरचा होत नाही, आणि त्याला आग्रह करून वाढणाऱ्या बाईला ते कळत नाही. ती वाढण्यातच खूश असते.

चवीचाही प्रश्न असतो. शहादा, नंदुरबारच्या पट्ट्यातल्या घरांत रस्सा तिखटजाळ. थंडीत नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात, लाल मिरची मैदानभर वाळत असते, रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागतो, आणि तीच मिरची आमच्या शेवभाजीत उतरते. सातपुड्यात मिरची आहेच, पण जेवणाची घडण वेगळी. मक्याची, ज्वारीची जाड भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, मोर-बर्टी या भरड धान्यांची भगर. तेल बेताचं. आंबटपणाला चिंच-टोमॅटोपेक्षा आमचूर. उन्हाळ्यात वरच्या पाड्यांवर कैऱ्या सोलून, काप करून उन्हात घालतात. धडगावकडचा आमचूर पोत्यांनी बाजारात उतरतो. अशा चवींत वाढलेल्या जिभेपुढे मी तर्रीची वाटी ठेवणार आणि म्हणणार, खा बाळा, आपलंच घर आहे.

आमच्याकडच्या एका मुलीने ही कोंडी फोडली. तेव्हा ती दहाएक वर्षांची असेल. घरी डाळ शिजत होती आणि तिने हळूच विचारलं, “मावशी, मी करू?” तिने उडदाची डाळ मागितली. तव्यावर कोरडी भाजली, शिजवली, लसूण-मिरची पाट्यावर ठेचून घातली, आमचुराचे दोन काप टाकले आणि झाकण ठेवलं. फोडणी नाही. मग मक्याचं पीठ घेतलं, परातीत थापायच्या ऐवजी दोन तळव्यांमध्येच गोळा फिरवत भाकरी वाढवली. तो हात मला येत नाही. आम्ही परातीवर थापणाऱ्या. हातावर वाढवताना माझ्या भाकरीच्या कडा फाटतात. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती आमच्या ताटांकडे बघत होती, स्वतःच्या नाही. सासूबाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि वाटी पुढे केली, “माले आखो वाढ व माय.” पोरीने वाढलं. त्यानंतरच्या आठवड्यात तिने भेंडी आवडत नाही असं मला सांगितलं. हे सांगणं मी प्रगतिपुस्तकापेक्षा मोठं मानते. नको म्हणायला हक्क वाटावा लागतो.

तेव्हापासून आमच्याकडे नवं मूल आलं की पहिल्या काही दिवसांतच मी त्याच्याकडून त्याच्या घरचं काहीतरी करून घेते. फार लहान असेल तर लसूण सोलणं, डाळ निवडणं, आणि मला सांगणं की त्याची आई यात काय घालायची. सात-आठ वर्षांचं असेल तर पीठ मळणं. गॅसपाशी त्याहून मोठं झाल्यावर, आणि मी शेजारी असताना. मीठ जास्त पडलं तरी ती डाळ घरात सगळे खातात. पाणी घालून सारखी करायची ती त्यानेच, मी नाही.

इथे एक धोका आहे आणि तो खरा आहे. दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं मूल म्हणजे बिनपगारी गडी, ही आपल्याकडची जुनी रीत. शिकायला ठेवतो म्हणून आणलेली पुतणी, भाची पहाटेपासून ओट्याशी उभी असलेली कुणी पाहिली नाही? म्हणून काही रेघा मी पक्क्या आखल्यात. काय करायचं ते मूल ठरवणार. शाळेच्या, अभ्यासाच्या, खेळाच्या वेळेत स्वयंपाक नाही. भांड्यांची पाळी माझ्या पोटच्या लेकीला आहे तीच त्यालाही. पाहुण्यांना चहा नेऊन द्यायला त्याला पाठवायचं नाही. काम आणि हातभार यांतला फरक मुलांना फार लवकर कळतो. मोठ्यांनाच तो सोयीने विसरता येतो. माझ्या लेकीला सुरुवातीला हे सगळं जड गेलं. तिच्या साध्या खिचडीचं कधी एवढं कौतुक झालं नव्हतं, असं तिने मला ऐकवलं. तेही बरोबरच होतं. आता तिचाही वार ठरलेला आहे.

मग मी वर्गात एक बदल केला. २०११च्या जनगणनेप्रमाणे आमच्या जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या ६९ टक्क्यांच्या वर. आणि माझ्या वर्गाच्या वहीत सातपुड्यातला एक पदार्थ नव्हता. पंजाबी ग्रेव्ही होती, गुजराती ढोकळा होता, चायनीज होतं. मी त्या मुलीला विचारलं, तिने हो म्हटल्यावर उडदाची डाळ आणि हातावरची भाकरी तिने वर्गाला करून दाखवावी असं ठरलं. बायकांनी पाहिलं, दोघीतिघींनी हात करून बघितला, हसल्या. जेवायच्या वेळी मात्र एकीला अचानक उपास आठवला. एक जण त्यानंतर वर्गाला आलीच नाही. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, यावर आपला समाज शेकडो वर्षं उभा आहे. अन्नदानाचं पुण्य मात्र सगळ्यांना हवं. वाढणाऱ्याचा हात वर असतो, त्यामुळे वाढायला कुणाची हरकत नसते. बालसंगोपन योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. ते नाव मला एरवीच्या सरकारी नावांसारखं वाटत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी यशवंतला आपला मुलगा म्हणून वाढवलं, तो पुढे डॉक्टर झाला. आणि त्याच घरातला पाण्याचा हौद त्यांनी १८६८मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. मूल घरात घेणं आणि पाण्याची विटाळशिवाशिव मोडणं या दोन गोष्टी त्या घरात वेगळ्या नव्हत्या. आपण योजनेचे पैसे घेतो, मूल घेतो, आणि हौदाची गोष्ट पुस्तकात ठेवून देतो.

मूल घरात घेताना चुलीचा विचार दूरदेशीही झाला. ऑस्ट्रियात हेर्मान ग्माइनर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांसाठी एसओएस बालग्राम सुरू केलं, पहिलं १९४९मध्ये इम्स्ट गावी. आपल्याकडे पुण्यात, लातूरलाही बालग्राम आहे. तिथे मोठ्या वसतिगृहासारखी एक खानावळ न करता प्रत्येक घराला एक आई आणि स्वतःचं स्वयंपाकघर दिलं. पाचशे माणसांचं वरण एका कढईत शिजवणं स्वस्त पडतं, हे त्यांनाही ठाऊक असणार. तरी त्यांनी चुली वेगळ्या ठेवल्या. मोठ्या भटारखान्यात मुलाला मीठ कमी आहे असं म्हणता येत नाही, म्हटलं तरी ते कुणाच्या कानावर जात नाही. घरच्या चुलीशी मूल उभं राहू शकतं, झाकण काढून बघू शकतं. आमच्या जिल्ह्यातल्या निवासी आश्रमशाळांत शिकून आलेली मुलं पोट भरल्याचं सांगतात, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला होतं ते मात्र त्यांना आठवून सांगावं लागतं.

गृहभेटीला येणाऱ्या ताई स्वयंपाकघरात डोकावतात. धान्याचे डबे, फ्रिज, पाण्याचा फिल्टर बघतात, मूल काय खातं ते विचारतात, वजन-उंची लिहून घेतात. ते झालंच पाहिजे. कुपोषण हा शब्द आमच्या जिल्ह्याला चिकटलेला आहे आणि वजनकाटा तिथे खोटं बोलत नाही. पण त्यांनी आणखी एक विचारावं असं मला वाटतं: या मुलाने या घरात शेवटचं काय रांधलं, आणि ते कोणी कोणी खाल्लं?

संगोपनातलं मूल जाणारच असतं. ती डाळ करणारी मुलगी तिच्या मावशीकडे गेली. मावशीचं बस्तान आता गावातच बसलंय, ऊसतोडीला जात नाही. जाताना कळण्याचं पीठ बांधून देऊ का म्हटलं, तर म्हणाली, उडीद तिथं मिळतात, गिरणी पण आहे. प्रमाण तिला पाठ होतं. आमच्या घरात राहिली ती कोरडी भाजलेली डाळ आणि आमचूर. देवघेव बरोबरीची झाली, आणि बरोबरीची झाली म्हणूनच तिला जाताना ओशाळवाणं वाटलं नाही.

मूल संगोपनाला घ्यावं का, असं विचारायला जोडपी येतात. घर केवढं, पगार केवढा, हे समिती बघेलच. मी त्यांना एवढंच विचारते की ज्या मुलाची जात, भाषा, पाडा तुम्हाला ठाऊक नाही, त्याने खारट केलेली डाळ तुम्ही, तुमची आई आणि तुमचे जावई एका पंगतीत बसून खाल का? काही जण लगेच हो म्हणतात, काही विचारात पडतात. विचारात पडणाऱ्यांचा मला भरवसा जास्त वाटतो. ते घरी जाऊन आईशी बोलतात, आणि ते बोलणं मूल घरात यायच्या आधी झालेलं बरं.