बॉयलरचा काटा आणि नातीचा कॉम्प्युटर

नागपूरच्या एका कापड गिरणीत मी २२ वर्षे बॉयलरवर काम केले. गिरणी बंद पडून बरीच वर्षे झाली, पण अंगातली एक सवय गेली नाही. कुठलेही मशीन तापलेले दिसले की माझी नजर आधी काटा शोधते. वाफेचा दाब किती, काचेत पाणी किती, लाल खूण किती दूर. ही सवय म्हातारपणी नातीच्या कॉम्प्युटरला कामी येईल असे कधी वाटले नव्हते. ती हकीकत आपल्या इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

नात बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. शिकता शिकता ती वस्तीतल्या मंगल परिणयाचे, नामकरणाचे व्हिडिओ जोडून देते. शूटिंग शेजारचा मुलगा करतो. कापाकापी, नावे टाकणे, आवाज बसवणे हे हिचे काम. त्यातून तिची फी निघते आणि घरालाही थोडा हातभार लागतो. कॉम्प्युटर जुनाच, ११ हजारांना घेतलेला. त्यातले चार हजार तिच्या आजीने भिशीतून दिले होते.

मे महिना होता. आमच्या खोलीवर टिनाचे पत्रे. दुपारी आत उभे राहवत नाही, रात्रीही भिंती ऊन ओकतात. नातीकडे तीन लग्नांचे काम होते, एकाचा विसारही घेतलेला. व्हिडिओ जोडून झाला की शेवटी त्याची एक सलग फाईल तयार करावी लागते. त्या वेळी कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, पूर्ण ताकदीने चालतो. काम निम्म्यावर आले की मशीन धाडकन बंद. पुन्हा सुरू केले की पुन्हा तेच. तीन रात्री पोरगी जागी.

चौथ्या दिवशी ती मशीन रिक्षात घालून दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने डबा उघडलासुद्धा नाही. वरून हात लावून म्हणाला, "प्रोसेसर जळाला. नवीन मशीन घ्या, २५ हजारांत बसेल. आणि झेपेल तेवढंच काम घ्यावं माणसानं."

पैशापेक्षा ते शेवटचे वाक्य तिला लागले. घरी येऊन म्हणाली, "आबा, विसार परत करते. आपल्याच्यानं नाही होत हे."

मी म्हटले, "बाई, जळालेलं मशीन सुरू तरी कसं होते? आणि याले काटा नसते का? किती तापलं ते दाखवणारा?"

ती थांबली. म्हणाली, "असते आबा. आतच असते. मी कधी पाह्यलाच नाही."

भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते. कोणी सांगितले म्हणून मानू नका, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. विहारात आपण हे किती वेळा ऐकतो. त्या दिवशी आमच्या घरात ते अमलात आले.

प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे बारीक यंत्र बसवलेले असते. त्याचा आकडा पडद्यावर दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. तिने तो घातला आणि आम्ही दोघे समोर बसलो. काही काम चालू नसताना आकडा ६३ अंश सेल्सिअस. व्हिडिओचे काम लावले आणि दोन मिनिटांत ९०, मग ९६, मग १००. शंभरला टेकल्यावर मशीनचा वेग आपोआप घसरू लागला, आणि थोड्या वेळाने सगळे बंद.

मला हे सगळे ओळखीचे वाटले. बॉयलरचा दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. तरी कोणी लक्ष दिले नाही आणि पाणी तळाला गेले, तर आतला शिशाचा प्लग वितळतो, पाणी आणि वाफ भट्टीत उतरते आणि बॉयलर वाचतो. प्रोसेसरचेही तसेच. ठरलेल्या मर्यादेला पोचला की आधी वेग कमी करून उष्णता कमी करतो. तरीही तापतच गेला तर मशीन बंद करून स्वतःला वाचवतो. म्हणजे बंद पडणे हे जळाल्याचे लक्षण नव्हते. जळू नये म्हणून केलेली ती तजवीज होती.

आता आकड्यांचा अर्थ. नातीने शोधून मला वहीत लिहून दिले, तेच इथे देतो. काम नसताना ३५ ते ५० अंश ठीक. व्हिडिओ, मोठे खेळ, इंजिनिअरिंगची चित्रे अशा जड कामात ६५ ते ८० पर्यंत काळजी नाही. ८५ च्या पुढे लक्ष ठेवावे. सतत ९० च्या वर राहू लागला तर कारण शोधावे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची शेवटची मर्यादा १०० अंश असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर जड कामात ९५ पर्यंत जातील अशाच बेताने बनवले आहेत, त्यामुळे तिथे ९५ दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा जास्त तापतात. म्हणून आपल्या प्रोसेसरचा नंबर पाहून कंपनीने दिलेली मर्यादा वाचावी. काही जुन्या इंटेल प्रोसेसरांच्या माहितीत ७२ अंशांच्या आसपासचा आकडा असतो. तो प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाचा, आतल्या गाभ्याचा नव्हे. तो वाचून नात आधी घाबरलीच होती.

दुसरी गोष्ट खोलीची. पंखा हवा फेकतो, ती हवा खोलीतलीच असते. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. थंड खोलीत ७० वर चालणारे मशीन आमच्या पत्र्याखाली ८० वर चालणार. तो मशीनचा दोष नव्हे, पत्र्याचा.

पण ६३ आणि १०० हे केवळ पत्र्याने होत नव्हते. रविवारी आम्ही वायर काढून डबा उघडला. धूळ बसू नये म्हणून आजीने जुन्या साडीचे सुंदर कव्हर शिवले होते, आणि मशीन चालू असतानाही ते निम्म्यावर तसेच असायचे. मागची बाजू भिंतीला टेकलेली. गरम हवा जाणार कुठे? आत पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत धुळीचा थर गोधडीसारखा बसलेला. पंखा ज्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो त्यातली एक निसटली होती, म्हणून तो एका बाजूने उचललेला. आणि प्रोसेसर व पट्ट्या यांच्यामध्ये जी पेस्ट असते ती वाळून खडू झालेली.

रंगाच्या कोऱ्या ब्रशने धूळ काढली. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, नाहीतर ते जोरात फिरून बिघडते. जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी लहान वाटाण्याएवढी लावली. चारही खुंट्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. पेस्टची ट्यूब १५० रुपयांची. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. कूलरचा ओला झोत मात्र त्यावर येऊ दिला नाही. आजीचे कव्हर आता मशीन बंद करून गार झाल्यावरच घालायचे असे ठरले. आजी थोडी रुसली, मग हसली.

काटा पाहिला. काम नसताना ४७. जड कामात ८२, आणि तिथेच थांबला. पहाटे खोली थोडी निवते म्हणून मोठी कामे तेव्हा लावायची ठरली. तिन्ही लग्नांचे व्हिडिओ वेळेवर गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गिरणीतला एक सोबती आठवत होता. उन्हाळ्यात भट्टीपुढे दुसरी पाळी करताना तो कोसळला. तोंडावर पाणी मारले, पाच मिनिटे बसवले आणि पुन्हा फावडे हातात दिले. बॉयलरला काटा होता, व्हॉल्व्ह होता, प्लग होता. त्याचे अंग किती तापले ते कोणी मोजले नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. माणसालाही मर्यादा असते हे कायद्यात लिहावे लागले, तेव्हा कुठे ते मालकांना दिसले.

आणि माझ्याच घरात पोरगी तीन रात्री जागली होती. मी मशीनचा काटा विचारला, तिचा विचारला नाही. सकाळी तिला म्हटले, "बाई, रात्री बारानंतर तुझं काम बंद. मशीन एकटं चालू दे."

ती म्हणाली, "आबा, मले काही होत नाही."

आम्हीही हेच म्हणायचो. म्हणून मी ऐकले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात मुलांसाठी जुना कॉम्प्युटर असेल तर एकदा आकडा पाहा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली पाट किंवा फळी ठेवा. वर्षातून दोनदा धूळ काढा. आणि कोणी न उघडता, न मोजता "जळाला, झेपेल तेवढेच करा" म्हणाला, तर पैसे काढण्याआधी काटा मागा.

जयभीम.