जंबोची रुखसत

22 एप्रिल 2024 रोजी सकाळी एअर इंडियाचे 'आग्रा' नावाचे जंबो जेट मुंबई विमानतळावरून कायमचे निघून गेले. त्यात प्रवासी नव्हते. विमान विकले गेले होते. अमेरिकेत नेऊन त्याचे सुटे भाग काढले जाणार होते. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकाने आधी एका बाजूचा आणि मग दुसऱ्या बाजूचा पंख झुकवून शहराला सलाम केला. त्या काही सेकंदांचे चित्रण देशभर फोनवर फिरले. वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिलेही असेल. आम्ही ते कुर्ल्यातल्या एका गच्चीवरून पाहिले.

एका जुन्या विमानासाठी माणसे एप्रिलच्या उन्हात गच्चीवर जाऊन का उभी राहतात, असे आम्हाला घरातही विचारले गेले आणि शाळेतही. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा लेख.

आमची शाळा विमानांच्या वाटेवर आहे. मुंबईत उतरणारी बहुतेक विमाने घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येत धावपट्टीकडे जातात. वर्गात शिकवताना विमान डोक्यावर आले की आम्ही बोलणे थांबवतो, मुले लिहिणे थांबवतात आणि विमान गेले की वाक्य पुढे सुरू होते. बी.एड.च्या वर्गात हे कुणी शिकवले नव्हते. इथल्या मुलांनी जन्मापासून विमानांची पोटे पाहिली आहेत, पण विमानात बसलेली मुले वर्गात दोन-तीनच निघतात.

आठवीच्या वर्गात आम्ही मराठीत 'माझा आवडता छंद' या विषयावर निबंध द्यायला सांगितला. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी निबंध म्हणजे संकट. बहुतेकांनी क्रिकेटवर दहा ओळी लिहिल्या. एरवी पाच ओळींत अडकणाऱ्या एका मुलाने मात्र अडीच पाने भरली. काना-मात्रा चुकलेल्या होत्या, पण मजकूर असा होता की आम्ही वही घरी घेऊन आलो आणि सगळ्यांना वाचून दाखवली. हा मुलगा विमाने बघतो, त्यांचे शेपटीजवळचे नोंदणी क्रमांक वहीत टिपतो आणि आवाजावरून जात ओळखतो. असा छंद असणाऱ्यांना प्लेन स्पॉटर म्हणतात, हेही आम्हाला त्याच्याच वहीतून कळले.

जंबोवर त्याने एक पान लिहिले होते. बोइंग 747 हे त्याचे खरे नाव. पहिले उड्डाण 9 फेब्रुवारी 1969 रोजी, प्रवाशांना घेऊन पहिली फेरी जानेवारी 1970 मध्ये न्यूयॉर्क ते लंडन. चार इंजिने, अठरा चाके. नंतरच्या 747-400 या प्रकारात लांबी सत्तर मीटरच्या वर आणि पूर्ण भरल्यावर वजन जवळपास चारशे टन. त्याच्या डोक्यावर कुबड का, याचेही उत्तर त्याच्याकडे होते. ते आखणाऱ्यांना वाटत होते की पुढे प्रवासी आवाजाहून वेगवान विमानांनी जातील आणि जंबोला मालवाहतूकच करावी लागेल. म्हणून नाक उघडून माल भरता यावा यासाठी वैमानिकाची जागा वरच्या मजल्यावर नेली. अंदाज चुकला, प्रवासी जंबोतच बसले. पण 31 जानेवारी 2023 रोजी कंपनीने जे शेवटचे, म्हणजे 1574 वे जंबो ग्राहकाच्या ताब्यात दिले, ते मालवाहूच होते.

मग हे विमान संपले का? त्याचेही कारण साधे आहे. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून एका तासाहून दूर जाऊ नये असा नियम होता. समुद्र ओलांडायला तीन-चार इंजिने लागत. इंजिने भरवशाची झाली तसा 1985 पासून हा नियम सैल होत गेला. दोन इंजिनांत जे काम होते त्यासाठी चार इंजिनांचे तेल कोण जाळणार? एअर इंडियाच्या जंबोची प्रवाशांसह शेवटची फेरी मार्च 2021 मध्ये झाली.

निबंध वाचून आमच्या अब्बांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "याच विमानाने मी 1983 ला जेद्दाहला गेलो."

अब्बा रत्नागिरीकडचे. त्या काळी आमच्या गावातून एकेका घरातला एक तरी माणूस आखातात गेलेला असे. सहारच्या विमानतळावर घरच्यांना आत सोडत नसत. अम्मी, दादी, मामू आणि काखेत घेतलेले आम्ही, सगळे बाहेर कठड्याजवळ उभे. अब्बा आत गेले की दिसेनासे. मग एकामागून एक विमाने आकाशात चढायची, आणि त्यांतल्या कोणत्या विमानात आपला माणूस आहे हे कुणालाच ठाऊक नसायचे. म्हणून दादी प्रत्येक विमानाकडे बघून दुआ करायच्या. एकही सोडायच्या नाहीत.

त्यांच्या भीतीला कारण होते. एअर इंडियाचे पहिले जंबो 'सम्राट अशोक'. एप्रिल 1971 मध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा केवढे कौतुक झाले होते. खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेले, जणू आकाशातला महाल. तेच विमान 1 जानेवारी 1978 च्या रात्री दुबईला जायला निघाले आणि काही मिनिटांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. 213 माणसे होती, एकही वाचले नाही. दुबईचे विमान म्हणजे पोटासाठी निघालेली माणसे. त्या घरांतून पुढची कित्येक वर्षे विमानाचा आवाज कसा ऐकला गेला असेल, याचा विचार करून बघावा.

असे असूनही माणसे जातच राहिली, कारण जाणे भाग होते. आमचे नाना हजला जहाजाने गेले होते. मुंबईहून हजला जाणारी जहाजे 1995 मध्ये बंद झाली. अम्मी गेल्या त्या जंबोने. चारशेच्या वर हाजी एका विमानात. अम्मी सांगतात की विमान हलले तेव्हा आत एवढे लब्बैक सुरू झाले की इंजिनांचा आवाज ऐकूच आला नाही. वरच्या मजल्यावर जाणारा जिना त्यांनी पाहिला, पण वर कोण बसते हे त्यांनाही कळले नाही आणि अब्बांनाही.

'आग्रा' जाणार ही बातमी त्या मुलाला आधीच लागली होती. विमानवेड्यांचा एकमेकांशी संपर्क असतो. पण आदल्या दिवशी त्याच्या अम्मी शाळेत आल्या. त्यांचे यजमान कतारमध्ये नोकरीला. घर त्या एकट्या बघतात. त्या म्हणाल्या, "टीचर, तुम्ही त्याला समजवा. हातात दुर्बीण, कॅमेरा घेऊन विमानतळाकडे तोंड करून उभा राहतो. कुणी नाव विचारलं तर? एकदा का कुणाच्या मनात संशय आला, की मी कुणाकुणाला सांगत फिरू की याला फक्त विमानं आवडतात?"

या बोलण्यावर आम्ही लगेच काही बोलू शकलो नाही. ही भीती आमच्या घरांना परकी नाही. तिला वेडी म्हणून बाजूला सारणे सोपे, पण ते खरे नाही. शिवाय असे प्रकार जगात घडलेही आहेत, आणि केवळ आपल्याच नावाच्या माणसांबाबत नव्हे. नोव्हेंबर 2001 मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई तळावर विमाने बघायला गेलेल्या बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरना हेरगिरीच्या संशयावरून पकडले होते. ते कित्येक आठवडे तुरुंगात होते. एप्रिल 2002 मध्ये त्यांना शिक्षाही झाली. नोव्हेंबर 2002 मध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. वहीत आकडे टिपणारी माणसे काय करत आहेत, हे न्यायालयाला समजायला एक वर्ष लागले.

म्हणून आम्ही त्या बाजींना "काही होत नाही" असे म्हणालो नाही. आम्ही म्हणालो, "त्याला थांबवू नका, पण एकटा सोडू नका." मग तिघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. विमानतळाच्या भिंतीजवळ जायचे नाही. धावपट्टीच्या बाजूला कुठे चढायचे नाही. बघायचे ते ओळखीच्या घराच्या गच्चीवरून, घरमालकाला विचारून. शाळेचे ओळखपत्र खिशात. ड्रोनचे तर नावच नको. आणि सोबत एक मोठे माणूस. सोबतीला कोण, हा प्रश्न आला तेव्हा आम्हीच म्हणालो, "उद्या आम्ही येतो. तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर आम्ही धरून दहा-बारा माणसे जमली. मुलगा, त्याच्या अम्मी, आमचे अब्बा, शेजारची पोरे, ठाण्याकडून आलेले कॉलेजचे दोन विद्यार्थी आणि विमानतळावर सामान चढवण्याच्या कामावरून निवृत्त झालेले एक चाचा. ते दोन विद्यार्थी आणि आमचा मुलगा यांच्यात दहा मिनिटांत अशी दोस्ती झाली की नाव, गाव, शाळा विचारायचे राहूनच गेले. एकमेकांच्या वह्यांतले नंबर ताडून बघणे चालले होते.

चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "या जंबोच्या पोटात मी किती वर्षं सामान भरलं आणि काढलं. दोरीने बांधलेली ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर, हाजींचे जमजमचे कॅन. एक कॅन फुटला तर आमचा मुकादम दिवसभर बोलायचा नाही आमच्याशी." अब्बांनी विचारले, "त्र्याऐंशीला होता का तुम्ही?" चाचा म्हणाले, "होतो की." "मग माझी पेटी तुम्हीच चढवली असेल." दोघे हसले आणि एकमेकांच्या शेजारी सरकून बसले.

विमान धावपट्टीवर आले. मुलाने दुर्बीण आधी आपल्या अम्मींना दिली. समुद्राच्या दिशेला तोंड करून ते धावू लागले. रिकामे होते म्हणून लवकर उचलले गेले, असे विद्यार्थी म्हणाले. दूरवर त्याचे पंख एकदा इकडे, एकदा तिकडे झुकले. मुलगा ओरडला नाही. त्याने वहीत तारीख आणि नंबर लिहिला: व्हीटी-ईव्हीए. अब्बांनी हात वर केला आणि विमान दिसेनासे होईपर्यंत तसाच ठेवला. त्यांना निरोप द्यायला चाळीस वर्षांपूर्वी आम्ही उभे होतो. या वेळी निरोप देणाऱ्यांत ते होते.

जगात इतरत्रही असे घडले आहे. आवाजाहून वेगवान कॉन्कॉर्ड 26 नोव्हेंबर 2003 रोजी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या फिल्टन इथे शेवटचे उतरले, तेव्हा हजारो माणसे जमली होती. त्यांत ज्यांनी ते तिथल्या कारखान्यात बनवले होते असे कारागीरही होते. क्वान्टसच्या शेवटच्या जंबोने जुलै 2020 मध्ये सिडनी सोडताना आकाशात असा मार्ग आखला की नकाशावर कांगारू उमटला. ऑक्टोबर 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या जंबोंनी लंडनचा निरोप घेतला. त्यांतले एक केम्बल इथे उतरले आणि ते मोडीत न काढता तिथेच जपून ठेवले आहे. या गर्दीतल्या कितीतरी लोकांनी त्या विमानात कधी पाऊल ठेवलेले नसते. यंत्राला जीव नसतो हे त्यांनाही कळते. पण कुणीतरी ते बनवले, कुणी चालवले, कुणी त्यात सामान चढवले, कुणी त्यातून आपला माणूस पाठवला. त्या सगळ्यांची आठवण एका जागी येते, म्हणून माणसे जमतात.

वाचक आई-वडिलांना आमची एवढीच विनंती आहे. मूल एखाद्या गोष्टीकडे तासन्‌तास बघत असेल, तर 'काय फालतूपणा' म्हणण्याआधी त्याची वही उघडून बघा. आमच्या विद्यार्थ्याला आता कळले आहे की विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर व्हायचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. गणिताचे टीचर सांगतात की तो आता शेवटच्या बाकावर बसत नाही. आमच्या विषयात काना-मात्रा अजून चुकतात. ते आम्ही बघून घेऊ.

गेल्या रमजानच्या आधी त्याचे अब्बा सुट्टीवर आले. संध्याकाळी मुलगा फोनवर विमानाचा मार्ग बघत गच्चीवर उभा होता. घाटकोपरच्या बाजूने दिवे लागलेले दोन इंजिनांचे एक विमान खाली येऊ लागले तसे त्याने जिन्यातून हाक मारली, "अम्मी, हेच!" कणकेचे हात तसेच घेऊन त्या वर धावल्या. विमान डोक्यावरून गेले. त्यांनी ओढणी हलवली आणि खाली येऊन भात टाकला.