मावशींचा हाफ डे

‘उद्या हेल्थ चेकअप आहे, हाफ डे टाकतेय.’ हे वाक्य आपण ऑफिसात किती सहज बोलून जातो ना! बॉस मान डोलावतो, बिल कंपनी भरते, रिपोर्ट मेलवर येतो.

माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीच्या स्तनातली गाठ अशाच चेकअपमध्ये सापडली. वाटाण्याएवढी. ऑपरेशन, रेडिएशन झालं आणि काही महिन्यांत मॅडम पुन्हा डेडलाइनच्या नावानं बोटं मोडायला हजर!

त्याच वर्षी मीरा रोडला आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनाही गाठ निघाली. ती आहे, हे त्यांना आठ महिने ठाऊक होतं. ‘‘दुखत नव्हती ना ताई, मग कशाला जायचं?’’ हे सांगायचं कारण. खरं कारण हळूहळू कळलं. पाच घरची कामं. एक खाडा झाला की पगार कापला, चार झाले की दारात दुसरी बाई उभी. गाठ दुखत नव्हती, खाडा दुखत होता.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे. तिथे जनरल कॅटेगरीत खर्च बराच कमी येतो. पण तिथवर पोचायचा खर्च कोण मोजतं? भाईंदरची गच्च लोकल, दिवसभराच्या रांगा, सोबत येणाऱ्याचाही बुडालेला रोज. लांबून आलेली काही कुटुंबं तर हॉस्पिटलबाहेर फुटपाथवरच मुक्काम ठोकतात.

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सर पेशंटला जाता येतं, हे मला मावशींसोबत जाताना कळलं. एकदा एका काकांनी त्यांना हटकलं, ‘‘तुम्हाला काय झालंय? धडधाकट तर दिसताय!’’ मावशींनी काही न बोलता डोक्यावरचा पदर मागे सारला. केमोनं केस गेले होते. काका उठले, त्यांनी जागा दिली. पण स्वतःचा आजार असा उघडा करून दाखवावा लागणं, हेही उपचाराचाच भाग का असावं?

हे फक्त आपल्याकडेच नाही हं. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, तरी त्यातले मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त. उशिरा निदान, तुटपुंजा विमा, रेंगाळलेले उपचार अशी बरीच कारणं त्यामागे आहेत. आजार एकच असला तरी प्रत्येकीला मिळणारा वेळ वेगळा.

आणि यावर उपाय आहे, तोही आपल्याच मुंबईत आजमावलेला. टाटानं १९९८ मध्ये इथल्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तपासणाऱ्या कोण? किमान दहावी शिकलेल्या, चार आठवडे ट्रेनिंग घेतलेल्या आरोग्यसेविका. हत्यार काय? व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि तरबेज हात. ज्या गटाची तपासणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सगळ्या वयांत मिळून फरक ठाम म्हणण्याजोगा नव्हता, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. कारण तपासणी बायकांच्या वस्तीत गेली होती.

मावशींचे उपचार संपलेत, आता फॉलोअप सुरू आहे. पाचपैकी तीन कामं मात्र गेली. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मी एक प्रस्ताव टाकला: घरकाम करणाऱ्या प्रत्येक बाईला वर्षातून एकदा तपासणीसाठी पगारी हाफ डे. ‘सवय लागेल’ असं एकजण म्हणाला. लागू दे की! सात घरं तयार झाली.

मावशींना सांगितलं, तर त्या पोळी उलटत म्हणाल्या, ‘‘तोंडी नको ताई. सगळ्यांकडून लिहून घ्या.’’