एकाच चौकटीत दोन वयं

मुलांची ॲनिमेशन मालिका मोठी माणसं आवडीने का पाहतात, याचं एक ठरीव उत्तर आमच्या क्षेत्रात ऐकू येतं : आईबाबांसाठी मधूनमधून मुलांना न कळणारे विनोद पेरलेले असतात म्हणून. मी स्टोरीबोर्ड काढतो आणि शिकवतोही. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. तसा विनोद आला की तेवढ्यापुरतं मूल बाहेर राहतं. उत्तम मालिका कुणालाच बाहेर ठेवत नाही. चित्र एकच असतं. पाचव्या वर्षी त्यात एक दिसतं, चाळिशीत दुसरं.

'ब्लूई' पाहा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओत तयार होणारी ही मालिका २०१८ मध्ये सुरू झाली. जो ब्रम तिचे जनक. कुत्र्यांचं एक कुटुंब : आई चिली, बाबा बँडिट, मुली ब्लूई आणि बिंगो. भाग जेमतेम सात मिनिटांचा.

त्यातला 'स्लीपीटाइम' मी वर्गात आधी आवाज बंद करून दाखवतो. धाकट्या बिंगोला आज रात्रभर स्वतःच्या पलंगावर झोपायचंय, एवढीच गोष्ट. झोप लागते आणि ती आपल्या फ्लॉपी सशाबरोबर ग्रहांमधून तरंगू लागते. मधेच कट होऊन घर दिसतं : कुणीतरी उठलंय, पलंगांची अदलाबदल चाललीय, बाबांच्या झोपेचं खोबरं झालंय. पुन्हा अवकाश. मूल ग्रहांमागे जातं. रात्री-अपरात्री उठणारा बाप त्या कटवर हसतो, कारण ती रात्र त्याच्याच घरची असते. मग पडदाभर सूर्य येतो. ही ऊब आईची, ते आवाजाशिवायही कळतं.

नंतर आवाज सुरू करतो. संगीतकार जॉफ बुश यांनी इथे गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधली गुरू ग्रहाची धून घेतली आहे. ती चढत जाते तसा सूर्य जवळ येतो. बिंगो त्याला सांगते की ती आता मोठी झाली, तिला निघायला हवं. पाहणाऱ्या मुलासाठी हा विजय असतो. पालकाला त्याच क्षणी लेक हातातून सुटताना दिसते. दोघांपैकी कुणाचाही अर्थ कमी खरा नाही, आणि हे साधायला एकही जादा शॉट लागलेला नाही. पटकथेतली याहून अवघड कामगिरी मी फार थोडी पाहिली आहे.

हे जमतं ते बंधनामुळे. लहान मुलासाठी लिहिताना लांबलचक खुलासे करता येत नाहीत. पात्राचं दुःख संवादात सांगण्याची सोय नसते. ते हालचालीत, वस्तूत, थांबण्यात आणावं लागतं. मोठ्यांच्या कित्येक मालिकांत पात्रं मनातलं सगळं बोलून टाकतात आणि आपल्याला काही करायला उरत नाही. इथे उरतं.

'अवतार : द लास्ट एअरबेंडर' (२००५ ते २००८) मध्ये बा सिंग से शहराच्या गोष्टींचा एक भाग आहे. त्यात म्हातारा आयरो बाजारात एक टोपली घेतो. मग दिवसभर वाटेत भेटेल त्याला सावरत जातो : रडणाऱ्या पोराला गाणं म्हणतो, लुटायला आलेल्याला नीट पवित्रा घ्यायला शिकवतो. टेकडीवर टोपली उघडल्यावर कळतं, युद्धात गेलेल्या मुलाचा आज वाढदिवस. तेच गाणं म्हणताना आता त्याला रडू आवरत नाही. आयरोचा आवाज असलेले माको २००६ मध्ये वारले; ही गोष्ट त्यांनाच अर्पण केली आहे. पण ते माहीत नसतानाही मुलं इथे गप्प होतात.

'ब्लूई'तल्या 'वनझीज' भागात मावशी ब्रँडी फार दिवसांनी घरी येते. ती इतके दिवस का आली नाही, हे ब्लूई विचारते. ब्रँडीला जे मनापासून हवंय ते मिळणार नाही, एवढंच चिली सांगते. मूल न होण्याचा उच्चार नाही. ब्लूईला तेवढं पुरतं, बाकीचं पालक जाणतात. चिली लेकीशी खोटं बोललेली नाही. 'मोठ्यांसाठीही काहीतरी घाला' अशी सूचना बैठकीत आली की मी हे दृश्य दाखवतो आणि विचारतो : यात मोठ्यांसाठी घातलेलं नेमकं कुठे आहे?