मिचियोबाईंचा चहा

पुणे

चि. सानिकास,


प्रकृतीला चांगला म्हणून तू तिकडे जपानमध्ये, सेंदाईत, नाक मुरडत ग्रीन टी पितेस, असं लिहिलंस. ज्या कडवटपणाला तू कंटाळली आहेस, तो कशामुळे येतो हे उलगडण्यामागे एका बाईची जिद्द आहे. ती तुला ठाऊक असायला हवी.

मिचियो त्सुजिमुरा, जन्म १८८८. होक्काइदोच्या विद्यापीठात तेव्हा मुलींना नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश नव्हता, म्हणून १९२० साली त्या तिथे बिनपगारी मदतनीस म्हणून राहिल्या आणि रेशमाच्या किड्यांच्या पोषणावर काम करू लागल्या. पुढे तोक्योला आल्या, तर १९२३च्या भूकंपात प्रयोगशाळाच गेली. मग रिकेन या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ उमेतारो सुझुकींच्या हाताखाली त्यांनी चहाचा अभ्यास धरला. १९२४ साली सहकारी सेइतारो मिउरांबरोबर ग्रीन टीत क जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं. १९२९ साली चहातून कॅटेचिनचे स्फटिक वेगळे काढले. १९३२ साली कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या जपानमधल्या पहिल्या स्त्री ठरल्या. प्रबंधाचा विषय अर्थातच ग्रीन टी! रात्र रात्र प्रयोगशाळेत काढणाऱ्या तुला याचं मोल मी काय सांगू?

ते कॅटेचिनच तुझ्या जिभेला कडू-तुरट लागतं. आपल्या काळ्या चहात त्याचं बरंचसं रूप पालटतं. जपानी पत्ती खुडल्यावर लगेच वाफवतात, म्हणून तिच्यात ते टिकतं. उकळत्या पाण्यात ते भराभर उतरतं. चहाला गोडसर चव देणारं थिअनीन मात्र कमी तापलेल्या पाण्यातही सुटतं. तेव्हा चहा खळाखळा उकळायची घरची सवय तिथे सोड. सेन्चा, म्हणजे नेहमीचा जपानी ग्रीन टी, करताना उकळलेलं पाणी आधी रिकाम्या पेल्यांत ओत, म्हणजे ते जरा निवेल. ७०-८० अंशांवर आलं की क्यूसूतल्या, म्हणजे जपानी चहाच्या किटलीतल्या, पत्तीवर घाल, मिनिटभर थांब आणि शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घे. ग्योकुरो प्रकारच्या चहाला ५०-६० अंश पुरतात. होजिचाची पत्ती भाजलेली, तिला उकळतं पाणी चालतं.

आता गुणांचं. तुझं सेंदाई ज्यात आहे त्याच मियागी प्रांतात, ओसाकी भागात, ४०,५३० लोकांची अनेक वर्षं पाहणी झाली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष आले. रोज पाच किंवा जास्त पेले पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी आढळले, बायकांत अधिक ठळकपणे. कर्करोगाच्या मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. अशा पाहणीतून संबंध दिसतो, चहामुळेच तसं झालं हे सिद्ध होत नाही. वजन उतरवायला म्हणून ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यातल्या मोठ्या मात्रेने काहींच्या यकृताला इजा झाली आहे.

आणि तुझं हिमोग्लोबिन मुळात कमी. जेवणाबरोबर चहा घेतला तर डाळी-भाज्यांतलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवणानंतर तासभर जाऊ दे, मग पी. पुढच्या तपासणीचा आकडा मला कळव.

तुझी,
मावशी